प्रमाणपत्रे पुरेत, आता मसुदे वाचा

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचे सर्व माननीय कुलगुरू

विषय : संशोधन प्रस्ताव लिहिण्याचे प्राध्यापकांचे प्रशिक्षण

महोदय, महोदया,



राज्यातल्या एका संलग्न महाविद्यालयात मी शिकवतो. स्वतःचे प्रस्ताव लिहिणे, सहकाऱ्यांचे वाचून देणे आणि अधूनमधून परीक्षकाच्या खुर्चीत बसणे, अशा तिन्ही बाजूंनी संशोधन प्रस्ताव नावाचा प्रकार मी पाहत आलो आहे. तक्रार एका विद्यापीठाची नाही, म्हणून हे पत्रही एकाच कुलगुरूंना नाही.

'संशोधन प्रस्ताव कसा लिहावा' या विषयावर आपल्याकडे वर्षभर कुठे ना कुठे कार्यशाळा चालू असते. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि पाहुण्यांचा परिचय यांत सकाळ सरते. मग पडद्यावर निधी देणाऱ्या संस्थांची यादी येते. जेवणानंतर दुसरे वक्ते तीच यादी वेगळ्या रंगात दाखवतात. शेवटी जिओ-टॅग केलेला समूहफोटो, फीडबॅक फॉर्म, ई-प्रमाणपत्र. आयक्यूएसीच्या फाइलमध्ये एक अहवाल लागतो आणि नॅकच्या तिसऱ्या निकषाखाली एक नोंद वाढते. अख्ख्या दिवसात सभागृहातल्या एकानेही प्रस्तावाची एक ओळ लिहिलेली नसते. कुस्तीचे डाव फळ्यावर शिकवून पैलवान तयार होत नाहीत, हे कोल्हापूरच्या कुठल्याही वस्तादाला ठाऊक असते. आपल्या प्रशिक्षण विभागांना ते अजून पटलेले दिसत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे : प्रस्ताव लिहिणे ऐकून येत नाही. लिहून, जाणत्याकडून तपासून घेऊन आणि पुन्हा लिहूनच ते येते. शिवाय ते एकट्या प्राध्यापकाचे काम नाही, विद्यापीठाचे कार्यालय त्यात तितकेच लागते. या दोन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला.

हे आत्ताच लिहिण्याला कारण आहे. महाविद्यालयीन प्राध्यापकाला संशोधनाची पहिली पायरी म्हणजे यूजीसीचा मायनर रिसर्च प्रोजेक्ट असे. रक्कम लहान, स्पर्धा बेताची, पण त्या निमित्ताने माणूस पहिला प्रस्ताव लिहायचा, पहिला हिशेब द्यायचा. बाराव्या पंचवार्षिक योजनेनंतर ती पायरी निघून गेली. दुसरीकडे, 2008 च्या कायद्याने आलेले, विज्ञान-अभियांत्रिकी संशोधनाला निधी देणारे सर्ब हे मंडळ आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झाले आहे. या फाउंडेशनचा कायदा 2023 चा, तो 5 फेब्रुवारी 2024 पासून लागू झाला. पाच वर्षांत 50,000 कोटी रुपये उभे करायचे, त्यांपैकी 14,000 कोटी सरकारचे आणि उरलेले 36,000 कोटी उद्योग, देणगीदार आणि इतर बिगरसरकारी स्रोतांकडून, असा त्यामागचा आराखडा आहे. त्यातले किती येतील हे काळ ठरवील. पण जे येतील ते मागणाऱ्यांच्या रांगेत आयआयटी, आयसर आणि केंद्रीय संस्था पुढे उभ्या आहेत, आणि पहिली पायरी गमावलेला आमचा प्राध्यापक थेट त्यांच्याशी स्पर्धा करणार आहे. त्याच्या हातात शिदोरी म्हणून आपण काय दिले आहे? कार्यशाळेचे प्रमाणपत्र.

आता तक्रारी आणि मागण्या, क्रमाने.

पहिली तक्रार आमच्या घडणीबद्दल आहे. आमच्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात एकच प्रस्ताव मन लावून लिहिलेला असतो, तो म्हणजे पीएच.डी.चा आराखडा. संशोधन मान्यता समितीपुढे तो जातो तेव्हा समिती पाहते, की विषयाची व्याप्ती आहे का, उद्दिष्टे पाच-सहा आहेत का, गृहीतके लिहिली आहेत का, संदर्भसूची जोडली आहे का. म्हणजे ती नमुना पाळला आहे का ते तपासते. निधी देणाऱ्या संस्थेच्या परीक्षकाचे काम वेगळे असते. त्याच्यापुढे प्रस्तावांचा गठ्ठा असतो आणि त्यातले थोडेच निवडायचे असतात. तो बहुधा आपल्या नेमक्या उपविषयातला नसतो. स्वतःचे अध्यापन आणि प्रयोगशाळा सांभाळून, उरलेल्या वेळात तो वाचत असतो. पहिल्या पानावर त्याला एकच गोष्ट कळायला हवी असते : या माणसाला नेमके काय शोधायचे आहे, आणि ते याच माणसाला का जमेल. आमचा प्रस्ताव मात्र पहिली तीन पाने भारतीय शेतीचे महत्त्व सांगण्यात घालवतो.

उदाहरण देतो. 'बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिला कामगारांच्या समस्या व उपाय : एक चिकित्सक अभ्यास.' या घाटाची शीर्षके आपण सर्वांनी पाहिली आहेत. विषय महत्त्वाचा आहे, पण प्रश्न कुठे आहे? समस्या कोणत्या, हे आधीच बऱ्यापैकी माहीत आहे. उपाय सुचवणे हा निष्कर्षाचा भाग झाला, संशोधनाचा नव्हे. त्याच विषयावर असे विचारले तर : मुकादमाकडून जोडीच्या नावाने उचल घेतली जाते तेव्हा आजारपणाच्या खाड्याचा बोजा जोडीतल्या बाईवर किती पडतो, आणि ज्या घरांत आजी-आजोबा मुलांना गावी सांभाळतात तिथे हे चित्र बदलते का? आता कोणाला भेटायचे, काय विचारायचे, कोणत्या महिन्यांत जायचे, किती खर्च येईल, हे सगळे प्रश्नातूनच निघायला लागते.

विज्ञानातही तेच. 'अमुक तालुक्यातील भूजलाच्या गुणवत्तेचा अभ्यास' असे म्हटले, की परीक्षक पुढचे पान उलटतो, कारण देशातल्या प्रत्येक तालुक्याचा असा प्रस्ताव त्याने वाचलेला असतो. त्याऐवजी 'पाटपाण्यावरचा ऊस ठिबकवर गेल्यावर विहिरींतले नायट्रेट खरोखर कमी होते का' असे विचारले तर? एकाच पाणलोटातल्या दोन प्रकारच्या विहिरी निवडता येतात, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर नमुने घेता येतात, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातल्या 45 मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेशी ताडून पाहता येते. उत्तर 'नाही' आले तरी ते कामाचे ठरते. पहिल्या प्रस्तावाचा दुसरा प्रस्ताव व्हायला भाषण लागत नाही. शेजारी बसून 'म्हणजे तुला नक्की काय विचारायचे आहे?' असे चार वेळा विचारणारा माणूस लागतो.

म्हणून पहिली मागणी. यापुढे दीडशे जणांची सर्व विषयांची एकत्र कार्यशाळा भरवू नये. एका किंवा जवळच्या विषयांतले पंधरा प्राध्यापक बोलवावेत आणि दोन पानांचे टिपण आणल्याशिवाय प्रवेश देऊ नये. पहिल्या बैठकीत प्रश्न घासून घ्यावा, महिन्याभराने दुसऱ्या बैठकीत पद्धती आणि अंदाजपत्रक, तिसऱ्या बैठकीत संपूर्ण मसुद्याचे सराव-परीक्षण. हे सारे एखाद्या योजनेची जाहिरात निघण्याच्या आधी किंवा तिच्या मुदतीत व्हावे. मुदत संपल्यावर आठवड्याने भरणाऱ्या कार्यशाळाही आम्ही पाहिल्या आहेत. अहवालात उपस्थितीऐवजी किती प्रस्ताव दाखल झाले तो आकडा लिहावा.

अशा दीर्घ सोबतीचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राची स्थापना 1988 ची. विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठी तिथे सहयोगी सदस्यत्वाची योजना चालत आली आहे. शिक्षक काही वर्षे पुन्हा पुन्हा तिथे जाऊन राहतो, तिथली साधने वापरतो, तिथल्या लोकांबरोबर काम करतो आणि आपल्या गावी परतून शिकवतो. सर्बनेही 'टेअर' या योजनेतून असेच केले. महाविद्यालयाच्या शिक्षकाने आपली नोकरी सांभाळून एखाद्या नामांकित संस्थेतल्या संशोधकाबरोबर काम करायचे, अशी ती योजना. अशा जागी माणूस प्रस्ताव लिहायला न शिकवताच शिकतो, कारण चांगले प्रस्ताव कसे घडतात हे तो शेजारून पाहत असतो. पुण्यातली महाराष्ट्र राज्य अध्यापक विकास अकादमी आणि विद्यापीठांमधली मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे यांनी आपले काही अभ्यासक्रम या वळणावर आणावेत, असा आग्रह आपण धरू शकता.

दुसरी तक्रार गुप्ततेची. मंजूर झालेला प्रस्ताव आमच्याकडे कुलदैवताच्या टाकासारखा कपाटात राहतो आणि नामंजूर झालेला लाजेखातर लपवला जातो. त्यामुळे नव्या प्राध्यापकाने मंजूर प्रस्ताव डोळ्यांनी पाहिलेलाच नसतो. परीक्षकांचे शेरेही त्याने वाचलेले नसतात. वास्तविक नामंजुरी हा या व्यवहारातला नेहमीचा भाग आहे. जिथे संशोधनाची परंपरा मुरलेली आहे तिथे नाकारलेला प्रस्ताव शेरे वाचून दुरुस्त करतात आणि पुढच्या फेरीला पुन्हा पाठवतात. आमच्याकडे पहिल्या नकारानंतर माणूस 'तिथे ओळख लागते' असे म्हणून कायमचा बसतो. काही वेळा ओळखीचा संशय खराही असेल. पण पानभर शेऱ्यांपैकी चार शेरे आपल्या पद्धतीतल्या भोकांवर असतील, तर ती भोके आधी बुजवली पाहिजेत.

म्हणून दुसरी मागणी. आपल्या ज्ञानस्रोत केंद्रात प्रस्तावांचा एक संग्रह असावा. प्राध्यापकांच्या संमतीने, नाव आणि नाजूक तपशील झाकून, मंजूर आणि नामंजूर असे दोन्ही प्रकारचे प्रस्ताव परीक्षकांच्या शेऱ्यांसह तिथे बसून वाचता यावेत. ज्यांना मोठे प्रकल्प मिळाले आहेत अशा ज्येष्ठांनी वर्षाला दोन मसुदे वाचून लेखी अभिप्राय द्यावा आणि ते काम त्यांच्या कार्यभारात धरले जावे. शाल आणि श्रीफळ यांपेक्षा हा सन्मान मोठा आहे.

तिसरी तक्रार कार्यालयाची, आणि इथे मला स्पष्ट बोलावे लागेल. प्रस्तावाचे शास्त्र प्राध्यापकाचे असले, तरी त्याचा निम्मा भाग प्रशासनाचा असतो. संस्थाप्रमुखांचे संमतिपत्र, वेतनाचे दर, उपकरणांची क्वोटेशने, नैतिकता समितीची मान्यता, जैवविविधता कायद्याखालील परवानगी हा भाग कुठल्याही कार्यशाळेत शिकवला जात नाही, आणि तो माहीत असलेला माणूस कार्यालयात शोधून सापडत नाही. कनिष्ठ संशोधन अध्येत्याचे मासिक वेतन 1 जानेवारी 2023 पासून 31,000 वरून 37,000 रुपये झाले. त्यानंतरही जुन्या दराने, घरभाडे भत्ता न धरता केलेली अंदाजपत्रके माझ्या वाचनात आली आहेत. असा प्रस्ताव मंजूर झाला तर अडचण आणखी मोठी, कारण पोराला पगार देताना पैसे कमी पडणार. माणसांकडून माहिती गोळा करणाऱ्या प्रकल्पाला बहुधा नैतिकता समितीची मान्यता लागते आणि अनेक महाविद्यालयांत अशी समितीच नाही. संमतिपत्रावरच्या सहीसाठी फाइल तीन टेबले फिरते, आणि पोर्टल बंद होण्याच्या दिवशी साहेब बैठकीला गेलेले असतात.

पैसे आल्यावरची कथा वेगळीच. खरेदीच्या फाइलवर शेरा, शेऱ्यावर खुलासा, खुलाशावर पुन्हा शेरा. तोवर 31 मार्च येतो. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत जात नाही, म्हणून पुढचा हप्ता अडतो, आणि संशोधक विद्यार्थ्याचे मानधन महिनोन् महिने थकते. हे ज्याने शेजारच्या विभागात पाहिले, तो प्राध्यापक प्रस्ताव लिहिण्याच्या भानगडीत कशाला पडेल? आमच्या 'उदासीनते'बद्दल व्यासपीठावरून बोलले जाते तेव्हा तिच्या मुळाशी हा अनुभव असतो. जून 2025 मध्ये केंद्राने संशोधन साहित्याच्या खरेदीचे नियम सैल केले. क्वोटेशनविना खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली आणि खास शास्त्रीय उपकरणे सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलबाहेर घेण्याची मुभा संस्थाप्रमुखांना दिली. आपल्याकडच्या कोणत्या प्रकल्पांना हे लागू होते, याचे एक पानी टिपण आपल्या वित्त विभागाने काढले आहे का?

तिसरी मागणी त्यातून येते. प्रत्येक विद्यापीठात संशोधन साहाय्य कक्ष असावा आणि तो कागदावरचा नसावा. योजनांच्या मुदतींचे वेळापत्रक, अद्ययावत दर, क्वोटेशन, खरेदी आणि हिशेब यांची जाण असलेले दोन-तीन पूर्णवेळ लोक तिथे असावेत. संशोधन व्यवस्थापन हा स्वतंत्र पेशा आहे. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) आणि वेलकम यांच्या इंडिया अलायन्सने 2018 मध्येच त्यासाठी वेगळा उपक्रम सुरू केला. लेखा विभागातल्या कर्मचाऱ्यांनाही प्रशिक्षणाला बसवा. प्रस्ताव लेखनाच्या कार्यशाळेत लेखापाल दिसेल तो सुदिन. महाविद्यालयांसाठी जिल्हानिहाय एक सामाईक नैतिकता समिती आपण सहज उभी करू शकता. प्रकल्पातून संस्थेला ओव्हरहेड म्हणून जी रक्कम मिळते, ती या कक्षावर खर्च व्हावी. ती सध्या कुठे जाते, हे प्रकल्प आणणाऱ्यालाही कळत नाही.

चौथी तक्रार वेळेची. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन असते. प्रत्यक्षात जागा रिकाम्या असतात. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्याचे तास बदलत राहतात, परीक्षा, प्रवेश, नॅक आणि निवडणुकीची कामे असतात. त्यातून चांगला प्रस्ताव लिहायला लागणारे सलग दिवस निघत नाहीत. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या उमेदीच्या मुलामुलींची स्थिती तर अधिक वाईट. त्यांच्याकडे कल्पना असतात, पण बहुतेक योजना नियमित नोकरी मागतात, त्यामुळे त्यांना प्रमुख संशोधक होता येत नाही. मागणी अशी, की निवडलेल्या टिपणांच्या लेखकांना एका सत्रापुरता तरी कार्यभार हलका करून द्यावा. प्राथमिक आकडेवारी गोळा करायला विद्यापीठाच्या स्वनिधीतून लहान रकमा द्याव्यात, आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनाही त्या मिळाव्यात. परीक्षक 'प्राथमिक आकडेवारी कुठे आहे' असे विचारतो तेव्हा तिच्यासाठी आधी पन्नास हजार रुपये कोणीतरी दिलेले असावे लागतात.

पाचवी गोष्ट भाषेची. इतिहास, समाजशास्त्र, लोकसाहित्य, अर्थशास्त्र या विषयांतले आमचे अनेक उत्तम अभ्यासक मराठीत विचार करतात. प्रस्ताव मात्र बहुधा इंग्रजीतच पाठवावा लागतो. मग जुळवलेल्या इंग्रजीत त्यांचा धारदार प्रश्न बोथट होतो. अशा वेळी पहिला मसुदा मराठीत लिहून घ्यावा, त्यावर चर्चाही मराठीत व्हावी आणि शेवटी जाणकार भाषांतरकार विद्यापीठाने पुरवावा. भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद 1969 मध्ये उभी राहिली आणि तिच्या घडणीत कोल्हापूरकडच्या शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांचा मोठा वाटा होता. तिचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या आवारात आहे. मराठी अभ्यासकांच्या प्रस्तावांसाठी आपण सर्वांनी मिळून या केंद्राशी काही कायमची व्यवस्था बोलायला हवी.

शेवटची विनंती थोडी उलट दिशेची आहे. प्रत्येक प्राध्यापकाने वर्षाला एक प्रस्ताव पाठवलाच पाहिजे, अशी परिपत्रके कृपया काढू नका. त्यातून एकाचा प्रस्ताव दुसऱ्याच्या नावाने फिरतो आणि यंत्राकडून लिहून घेतलेली गुळगुळीत पाने परीक्षकाच्या माथी पडतात. उत्तम शिकवणारा माणूस प्रस्ताव लिहीत नसेल तर तो विद्यापीठाचा दोष नाही आणि त्याचाही नाही. कितीही प्रशिक्षण दिले तरी नसलेला प्रश्न निर्माण होत नाही. ज्याच्याकडे प्रश्न आहे, त्याच्या वाटेतले दगड काढणे एवढेच प्रशिक्षणाचे काम आहे, आणि तेवढे झाले तरी पुष्कळ आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 ने आपल्याला संशोधन मंडळ दिले आहे. त्याच्या येत्या बैठकीत एकच ठराव मांडावा : पुढच्या वर्षी प्रस्ताव लेखनाच्या एकदिवसीय कार्यशाळांवरचा सगळा खर्च थांबवून तो मसुदे वाचण्यावर आणि साहाय्य कक्षावर करायचा. वर्षाअखेरीस किती प्रस्ताव गेले, किती मंजूर झाले आणि किती दुरुस्त होऊन पुन्हा गेले, हे आकडे विद्यापीठाने जाहीर करावेत. ते निराशाजनक निघाले तर मी या पत्रातले म्हणणे मागे घेईन आणि पुढच्या कार्यशाळेला पहिल्या रांगेत येऊन बसेन.



आपला विश्वासू,
एका संलग्न महाविद्यालयातील प्राध्यापक